सामलीमावशीने ठेवलेली फुलं

लमदुआन गेल्याचं कळलं तेव्हा विरोत मासळीच्या कारखान्यात तिच्याच रांगेवर उभा होता. तो त्या रांगेचा मुकादम, ती त्याची बायको. सकाळी तिच्या अंगात ताप होता. ती म्हणाली, "आज खाडा केला तर महिन्याचा मेहनत-भत्ता जाईल." तो म्हणाला, "मग चल." दुपारी ती चक्कर येऊन पडली, तिला इस्पितळात नेलं. तिच्याबरोबर आपलाही भत्ता नको बुडायला म्हणून तो इस्पितळात गेला नाही. फोन आला. त्याने तो ऐकला आणि पुढचा डबा उचलला.

दहनाला कारखान्यातून एकटी सामलीमावशी आली, चंदनाच्या सालपटांची टोपलीभर फुलं घेऊन. फूल ज्याने त्याने आपल्या हाताने चितेवर ठेवायचं असतं. मावशी रांगेतल्या एकेकीचं ठेवत होती. "हे केसोनचं... हे बुप्फाचं..."

"त्या कुठायत?" विरोतने विचारलं.

"कामावर. खाडा पडला असता ना, बाबा."

"मग तू?"

"या वयात मेहनती म्हणवून घेऊन काय करू?"

विरोतला रडू आलं नाही.

तो कामावर परतला त्या दिवशी केसोन रांगेत तापाने कुडकुडत होती.

"घरी जा, पोरी."

"आणि भत्ता काय तुम्ही देणार, दादा?"

तो तिला आणि मावशीला घेऊन व्यवस्थापक ओरथाईबाईंकडे गेला.

"आज हिला सोडलं की उद्या निम्मी रांग तापाने आजारी!" बाई म्हणाल्या.

मावशी म्हणाली, "बाई, नाव मेहनतीचं आणि पैसे नुसत्या हजेरीचे. हिच्या थरथरत्या हातांनी काय मेहनत होणार? लमदुआन आता येत नाही. ती आळशी झाली का?"

"नियम सर्वांना सारखा. मुकादमांनाही मान्य आहे."

"होता," विरोत म्हणाला. "तिला 'चल' मीच म्हणालो, बाई. आता कुणालाच म्हणणार नाही!"

बाईंनी हजेरीवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "आजारपण आणि मयत, यांचा खाडा धरणार नाही. आजपासून."

मित्रहो, बक्षिसाने माणसाला कामाची उमेद यावी. जे बुडेल म्हणून आजारी माणूस अंथरुणातून उठतो, त्याला कितीही गोड नाव द्या, तो धाकच.

केसोन घरी गेली. लमदुआनच्या अस्थी नदीच्या मुखाशी सोडायला रांगेतल्या सगळ्या येणार म्हणतात. त्यांच्यासाठीच विरोतने त्या अजून सोडलेल्या नाहीत.