दुसऱ्या पक्षाचा माणूस

प्रमिलाताईंचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, तरी बळवंतरावांचं उत्तर गेलं नव्हतं. मसुदे सात झाले होते. पण पहिला फार कोरडा होता, चौथा फार लाडिक, आणि सातवा चक्क श्रद्धांजलीसारखा वाटत होता.

प्रमिलाताई कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कच्या मराठी मंडळाचं पुस्तकांचं कपाट सांभाळत. आता त्या एका पक्षाची उमेदवारी मागत होत्या. उमेदवार कोण, हे पक्षाचे सभासदच मत देऊन ठरवणार होते, आणि सभासद होण्याची मुदत आठ दिवसांत संपत होती. 'मला तुमचं मत हवंय,' असं लिहून त्यांनी सोबत फॉर्म जोडला होता.

बळवंतरावांचं मत कुणाला हवं असण्याची ही पहिलीच वेळ. पण फॉर्मवर एक ओळ होती : 'मी अन्य कोणत्याही पक्षाचा सभासद नाही.' तिथे पेन अडलं होतं.

"अहो, करा की सही," त्यांच्या पत्नी अरुणाताई म्हणाल्या.

"कशी करू? मी त्या दुसऱ्या पक्षात आहे."

"तुम्ही? कधीपासून?"

"गणपतीपासून. हॉलमध्ये मंडळातल्या विक्रमने कागद पुढे केला. मला वाटलं, जेवायला थांबणाऱ्यांची यादी आहे. नंतर घरी सभासदाचं कार्ड आलं."

"आणि गप्प बसलात?"

"त्याला वाईट वाटलं असतं."

अरुणाताईंनी कपाळाला हात लावला. "चौदा वर्षांची पोरंसुद्धा पक्षाची सभासद होऊन तिथे मत देणार, आणि तुम्ही पंचाहत्तरीत मसालेभातापायी अडकलात! लावा फोन."

तीनदा नंबर लावून बळवंतरावांनी रिंग जायच्या आत कट केला. चौथ्यांदा विक्रमने झटकन उचलला.

"विक्रम, ते तुमच्या पक्षातून... म्हणजे तुला राग येणार नसेल तर..."

"राजीनामा ना, काका? दोन ओळींची ईमेल टाका. मीसुद्धा गेल्याच आठवड्यात सोडला. प्रमिलाताईंना मत द्यायचंय!"

"अरे, मग आम्हाला तिकडे कशाला नेलंस?"

"तेव्हा तिकडे माझा मेहुणा उभा होता. पडला तो."

त्याच दुपारी ईमेल गेली. 'राजीनामा स्वीकारला' असं उत्तर आलं, ते बळवंतरावांनी दोनदा वाचलं आणि मगच फॉर्मवर सही केली. सातही मसुदे टोपलीत टाकून त्यांनी नवा कागद घेतला.

'हो. उशिराबद्दल क्षमस्व. कपाटातली कादंबरी अजून माझ्याकडेच आहे.'

कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं. झाकण उघडून ते खाली पडल्याचं पाहिलं. चार पावलं गेले, मागे आले आणि पुन्हा एकदा पाहिलं.