पडद्यामागची मंजुळाबाई

मित्रांनो, कडब्याच्या गंजीवर टाकलेलं हे मळकट कापड पाहून तुम्ही नाक मुरडता, ते मला दिसतं. मी एक जुना पडदा आहे, सिनेमाचा. माझ्यावर राजे मेले, राण्या रडल्या, घोडे धावले. आता उंदीर धावतात. असो, रडगाणं गायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एका बाईची गोष्ट सांगायची आहे, आणि तिच्यात माझीही लाज आहे.

हिंगोलीच्या बाजारात एका शिंप्याने जाड मांजरपाटाचे पन्ने जोडून मला शिवलं. कडेने दोरी ओवली, कोपऱ्यांना लोखंडी कड्या बसवल्या. तेव्हा निजामाचा अंमल होता आणि बोलपट नवे होते. व्यंकटराव नावाच्या जमीनदाराने हौसेने सिनेमाचा तंबू घेतला. दसऱ्यापासून मृगापर्यंत तो कयाधू नदीकाठच्या मैदानात उभा असे. समोर चित्र पाडणारं मशीन, मशीनपुढे पुरुष आणि एका बाजूला कनातीच्या आड बायका. माझं कौतुक काय वर्णावं! दूरदूरच्या गावांहून लोक बैलगाड्या जुंपून येत आणि तीन तास माझ्याकडे टक लावून बसत. मी फुगून गेलो होतो.

उन्हाने माझ्यावर सुरकुत्या पडत. मग मला पाणी मारून ताणावं लागे. हे काम मंजुळाबाईचं. खेळाआधी आणि मध्यंतरात नदीवरून घागरी आणायच्या, शिडीवर चढून मला भिजवायचं, आणि मोबदल्यात सिनेमा फुकट बघायचा. पण पुढे बसून नाही. ती विधवा होती. "खेळाच्या येळेला तिचं तोंड लोकायला दिसू नये," असं व्यंकटरावांनी ठरवलं आणि तिला माझ्या मागे बसवलं. ओल्या कापडातून चित्र आरपार उमटतं, तेव्हा तिला सगळं दिसे. फक्त उलटं दिसे. उजवा हात डावा होई आणि डावा उजवा. मंजुळाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून उलटी अक्षरंही तिला काही सांगू शकली नाहीत. मागून सगळं उलटं दिसतं, हे व्यंकटरावांना ठाऊक होतं. मशीन चालवणाऱ्या सोनाजीला ठाऊक होतं. मला तर होतंच.

विशीत तिचा नवरा गेला होता, आता तिची चाळिशी उलटली होती. लग्नात अक्षता टाकायच्या त्या मांडवाच्या खांबाआडून. नदीवर धुणं धुवायचं ते सगळ्यांत खालच्या दगडावर, जिथे साऱ्या गावाचा मळ वाहून येई. पण सिनेमा आला आणि चित्र पालटलं. दर आठवड्याचा नवा खेळ पहिल्याच दिवशी पाहणारी बाई गावात ती एकटी. बायका तिला वरच्या दगडावर बोलावू लागल्या. "मंजुळाबाई, या खेपेचा शिनेमा कसा हाय? जावं का न्हाई?" ती सांगेल तसं त्या करत. जन्मात पहिल्यांदा तिच्या शब्दाला मोल आलं होतं. तेवढं एकच तिच्यापाशी होतं.

आणि मित्रांनो, तिची मतं फार कडक! एका वर्षी राजाचा सिनेमा आला. राजा दानधर्म करतो, त्याचं राज्य जातं, पुरुष धाय मोकलून रडले. मंजुळाबाई नदीवर म्हणाली, "डाव्या हातानं दान करून राहिला मेला. राज्य गेलं तं रडाया काय झालं?" मग सासू-सुनेचा आला. "नवरा डाव्या हातानं जेवतो, बाई! जिला सोताच्या लेकाला जेवाया शिकवता आलं न्हाई, ती सासू सुनेला काय शिकवती?" त्या दोन्ही सिनेमांना बायका फिरकल्या नाहीत. मारामारीचा एक मात्र तिला पसंत पडला. "त्यात कोणी जेवलं न्हाई, कोणाचं लगीन लागलं न्हाई. घोडा चांगला हाय. लेकरं घेऊन जा." मला हसू येई. माझी पुढची बाजू तेवढी खरी, मागची बाजू पाण्याची आणि मंजुळाबाईची, असा माझा तोरा होता.

ऐन लग्नसराईत लग्नाचा सिनेमा आला. नवरानवरी होमाभोवती फेरे घेतात आणि पुढे नवरी मरते. मागून ते फेरे उलटे दिसले. आपल्याकडे उलटे फेरे चितेभोवती घेतात. मंजुळाबाईच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी नदीवर ती कळवळून म्हणाली, "जित्या माणसायनं उलटे फेरे घेतले. मरंल न्हाई तं काय व्हईल ती पोरगी? नव्या नवऱ्या नेऊ नका गं!" पार्वतीबाईच्या लेकीचं लग्न नुकतंच झालं होतं. पार्वतीबाई म्हणजे नदीवरची पुढारीण. तिने लेकीला घरात बसवलं, आणि मग एकही बाई कनातीआड आली नाही.

व्यंकटरावांना हे बायकोकडून कळलं. ते क्षणात समजले, कारण बाईला तिथे त्यांनीच बसवलं होतं. चार शब्दांत गैरसमज मिटला असता. पण त्यांना तो मिटवायचा नव्हता, बाईला मोडायचं होतं. त्यांनी दवंडी पिटवली, की आज बायकांना खेळ फुकट. तंबू ठासून भरला.

मध्यंतरात मंजुळाबाई घागर घेऊन शिडीवर चढत होती. व्यंकटरावांनी तिला पुढे बोलावलं आणि मशीनच्या झोतात उभं केलं. लुगडं ओलंचिंब, डोळे दिपलेले.

"मंजुळाबाई," ते साखर पेरत म्हणाले, "तुमी सालभर समदे शिनेमे पाहिले. आमाला बी सांगा की, कसे होते."

बिचारीला वाटलं, मान मिळतो आहे. पदर सावरून तिने एकेक मत सांगितलं. राजा, सासू, घोडा. पुरुष मांड्या थोपटून हसले. आपलं बोलणं आवडतं आहे, असं वाटून ती आणखी रंगून सांगू लागली. ते पाहवत नव्हतं, तरी मी पाहिलं. ती फेऱ्यांपर्यंत आली तेव्हा व्यंकटरावांनी हात वर केला.

"सोनाजी, ते फेरे लाव परत. बाई, बसा इथं, पुढं."

सोनाजीने रीळ मागे गुंडाळून पुन्हा लावलं. ती खाली मातीत बसून बघू लागली. तिने आयुष्यात पहिल्यांदा मला समोरून पाहिलं.

"बोला. उलटे हायेत का सुलटे?"

मग ती म्हणाली, "सुलटे हायेत, मालक. पर मला उलटेच दिसले होते. देवाशप्पथ."

"जिचं सोताचं लगीन उलटं झालं, तिला दुसऱ्याचं सुलटं कसं दिसंल?"

तंबू हसून हसून फुटायची वेळ आली. सोनाजी मान खाली घालून मशीन पुसत राहिला. कनातीआडून पार्वतीबाईचा आवाज आला, "खोटारडी! माज्या लेकीच्या लग्नात उलट्या फेऱ्यायचं नाव काढती व्हय?" मंजुळाबाई उठली, पुन्हा शिडीवर चढली आणि उरलेलं पाणी तिने मला मारलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचा दगड पुन्हा खालचा झाला. काम सुटलं नाही. ती रोज येई, मला भिजवी आणि माझ्याकडे पाठ करून बसे. आपले डोळेच अभद्र आहेत, अशी तिची खात्री पटली होती. महिनाभराने सोनाजी तुटलेली दोरी बांधायला मागे आला. इकडेतिकडे पाहून तो हळूच बोलला.

"बाई, तुमी खोट्या न्हाई. मागून समदं उलटंच दिसतं."

तिने घागर खाली ठेवली. "तुला कवापासून ठाव हाय?"

"पयल्यापासून."

"मंग चल नदीवर. बायकायला सांग."

"मालक काढून टाकतीन मला."

तिने रिकामी घागर कमरेवर घेतली. "मंग मला तरी काहून सांगितलं रे? मीच खोटी म्हणून गप बसले होते. आता कशी बसू?"

त्यानंतर आठ वर्षं ती मला पाणी मारत होती आणि तिने एकही सिनेमा पाहिला नाही. अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. त्याआधीच्या धामधुमीतच तंबू मोडला होता. मी कडब्यावर आलो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगून आमच्यासारख्यांनी तुमचा निरोप घ्यायचा असतो. मला जपू नका. फाडा आणि पोती शिवा. पण एखाद्याच्या मतावर हसू आलं, तर त्याला बघायला कुठे बसवलं होतं, ते आधी विचारा. आणि ठाऊक असेल, तर हसणाऱ्यांच्या समोर उभं राहून सांगा. मी गप्प राहिलो, कारण मी कापड होतो. सोनाजीला तोंड होतं.