खळग्यातला बेडूक

उझैरने मस्कतहून सोनं आणलं नाही, टीव्ही आणला नाही. लाकडी पेटीत घालून आणली ती चार चाकांची मोटारसायकल. कोरी करकरीत, टू-स्ट्रोक, पुढचे दोन दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे बाहेर आलेले. महाडात घरापुढे पेटी फोडली तेव्हा अख्खा मोहल्ला बघायला आला. बायको तसनीम मात्र दारातूनच म्हणाली, "घरावर नवे पत्रे घालायचे सोडून ही काय बला आणलीत? दूध देते का ही?"

"हिरकणीवाडीत फेऱ्या मारायच्या. गडाच्या रोपवेला येणारे मुंबईकर बसतील. धंदा चालला तर मला परत जायला नको."

तसनीम उंबरा ओलांडून बाहेर आली आणि गाडीवरचा भुसा झटकू लागली. लग्नापासून नवरा तिच्या वाट्याला फक्त सुट्टीपुरता आला होता.

मस्कतला उझैर असल्याच गाड्या दुरुस्त करायचा. शेठलोकांच्या पोरांनी नवी गाडी पहिल्याच दिवशी पिळून जाळलेली त्याने कितीदा पाहिली होती. म्हणून त्याने घाई केली नाही. पहिल्या टाकीत ऑइल जरा जास्त. इंजिन तापवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा तापवायचं. सोबत आलेला, जास्त जोर देणारा सायलेन्सर त्याने पेटीतच ठेवला. कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट न बदलता तो लावला की पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन चिकटतो. आधी माणसाची सोय बघितली. पाय घसरून मागच्या चाकाखाली जाऊ नये म्हणून ग्रिलवाल्याकडून दोन्ही बाजूंना पाइपचे कठडे करून घेतले. आणि एक लाल दोरी लावली. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला, दुसरं हँडलवरच्या बटणाला. माणूस पडला की दोरी सुटते, ठिणगी तुटते आणि इंजिन बंद पडतं.

धंद्यात भागीदार होता चांगू. हिरकणीवाडीत त्याच्या सासऱ्याची पिठलं-भाकरीची टपरी होती आणि तिच्या बाजूला मोकळी जागा. चांगूची स्वतःची वाडी औद्योगिक वसाहतीच्या मागे, डोंगराच्या पायथ्याला. गाडी शिकायला त्यांनी तिथलाच उतार धरला.

"उझैरभाय, बेडकाला दावं कशाला? पळून जातंय काय?"

"तू पडशील म्हणून."

"मी? म्हशीच्या पाठीवर वाढलोय मी!"

उताराच्या तळाशी एक खळगा होता. त्यात गुडघाभर हिरवं गवत, पण म्हशी काठावर येऊन थांबायच्या. खाली एकही किडा ओरडत नसे. चांगूची आई तुळसा सांगायची, "तिथं जागेवाला हाय, जागंचा राखणदार. सांजचं जाऊ नका रे."

दिवाळी नुकती झाली होती. त्या संध्याकाळी वारा पडला होता, थंडी जमिनीला चिकटून बसली होती. उझैर काठावर उभा. चांगू बेडकावर बसून हळूहळू उतरला, तळाशी थांबला, गिअर काढला आणि वर बघून हात हलवला.

इंजिन मंद चालत होतं. मग त्याचा आवाज आपोआप चढायला लागला.

"ॲक्सिलरेटरवरचा अंगठा काढ!" उझैर ओरडला.

"काढलाय!" चांगूने दोन्ही हात वर केले. आवाज चढतच होता.

"दोरी खेच!"

चांगूने दोरी खेचली. लाल दोरी त्याच्या हातात लोंबत होती आणि बेडूक किंचाळत होता. ठिणगी नाही, अंगठा नाही, तरी चालत होता. चांगू त्याच्याकडे बघून हसायला लागला. मोठ्याने, पोट धरून, थांबेचना. हसता हसताच तो बाजूला कलंडला आणि गवतात दिसेनासा झाला.

उझैर धावत उतरला. वास गोड होता, जास्त पिकलेल्या केळ्यासारखा. डोकं हलकं झालं. त्याला कळत होतं काय करायचं ते. सीट काढून इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर शर्ट कोंबला की इंजिन गुदमरून थांबेल, वाचेल. पण छातीत दम उरला होता एका कामापुरता. त्याने चांगूच्या काखेत हात घातले आणि त्याला ओढत वर आणलं. पाठीमागे किंकाळी चढत चढत गेली, टक् असं काहीतरी वाजलं आणि सगळं गप्प.

सकाळी तोंडाला ओला टॉवेल बांधून तो पुन्हा उतरला. गवतात एका कारखान्याचा पाइप तोंड उघडून पडला होता. दिवस मावळला की त्यातून वायू खळग्यात सोडायचे, रात्रपाळीचं काम. पेट्रोल नको, किल्ली नको. बेडूक त्या हवेवरच चालला होता. आणि तीच हवा वाडी रोज ओढत होती. डोकं धरून उठायची वाडीला इतकी सवय झाली होती, की सकाळ म्हणजे अशीच असते असं सगळ्यांना वाटायचं.

त्याने घरोघर जाऊन सांगितलं. तुळसाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाइप ऱ्हाऊ दे रे बाबा. जागेवाल्याला जीव पाहिजे हुता. बेडकानं सोताचा दिला, माझ्या चांगूचा राखला."

चिकटलेलं इंजिन घेऊन बेडूक दोरखंडांनी काठावर आला आणि तिथेच बसला. दिव्यांना शेंदूर लागला. नारळ फुटले. कारखान्याचा साहेब जीपमधून आला, त्याने हात जोडले. पाइप बुजवला नाही. बेडकावर छप्पर करायला पत्रे मात्र लगेच पाठवले, नवे कोरे. भुताला भ्यालेला माणूस पाइपाबद्दल विचारत नाही, हे त्या हरामखोराला चांगलं ठाऊक होतं.

मस्कतचं तिकीट आलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी उझैर वाडीवर निरोप घ्यायला गेला. बेडकापुढे पणती लावून तुळसा बसली होती, शेजारी चांगू. तो आता बोलता बोलता मधेच विसरायचा.

"बघ रे उझैर," तुळसा हळूच म्हणाली, "तेल सरलं तरी दिवा जळतोय. जागृत हाय."

पणती कोरडी होती. ज्योत निळी होती आणि हातभर लांब. ती खळग्याकडे झुकायची, गवतावरून बोटभर सरकायची, परत यायची. काठावर कधी नव्हता तो गोड वास आता काठावर होता.

उझैरने ओंजळभर माती घेतली आणि पणतीवर दाबून धरली.

"देवाचा दिवा इझवलास!" तुळसाचा आवाज फाटला. घराघरांतून माणसं बाहेर आली. कुणीतरी काठी उचलली.

त्याने तुळसाच्या पदराजवळची काडेपेटी उचलून मुठीत धरली आणि मेलेल्या बेडकाच्या सीटवर जाऊन बसला.

"मारायचं तर मारा," तो म्हणाला. "पण इथं काडी ओढू नका. हवा पेटेल."

माणसं जवळ आली. चांगू उठला, आईला ओलांडून त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. कशासाठी उठलो ते त्याला आठवत नव्हतं, पण तो हलला नाही.

विमान सकाळचं होतं. खाली खळग्यात कुणीतरी हळू श्वास सोडावा तसं गवत हललं. वारा नव्हता. उझैरने मूठ आणखी घट्ट केली.