आपणहून मान टाकणारा सिग्नल

सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी मालगाडी स्टेशनात उभ्या असलेल्या रिकाम्या डब्यावर आदळली. डब्याच्या चाकापाशी काम करणाऱ्या गँगमनचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. चौकशीच्या कागदावर कारण दोन शब्दांत आहे: सिग्नल सदोष.

मित्रांनो, तो सिग्नल म्हणजे मी. उंच खांबावरचा लोखंडी हात, लाल रंगाचा, टोकाजवळ पांढरा पट्टा. हात आडवा असला की गाडीने थांबायचं, खाली झुकला की यायचं. मला घडवणाऱ्या लोहाराने माझ्या मागच्या बाजूला जड वजन बसवलं आणि कारखान्यात सगळ्यांसमोर माझी तार तोडून पाहिली. मी झटकन आडवा झालो. तो म्हणाला, "काहीही बिघडलं तरी हा थांबाच म्हणणार." आपणहून खाली पडणं माझ्या अंगातच नाही. तारेने ओढल्याशिवाय मी झुकत नाही.

ती तार सहाशे पावलांवरच्या केबिनमध्ये जायची. तिथे खटका ओढून मला झुकवणारा खटकेवाला असायचा. एकोणीस वर्षं आम्ही बरोबर काम केलं. तो मला दादा म्हणायचा. नव्या माणसांना सांगायचा, "मी चुकेन एखाद्या वेळी, दादा नाही चुकायचा." दर महिन्याला तो स्वतः वर चढून माझ्या सांध्याला तेल द्यायचा.

लोखंडी तार उन्हात लांबते, थंडीत आखडते. म्हणून दुपारी तो केबिनमधला स्क्रू तीन फेरे आवळायचा आणि भिंतीवर खडूने तीन रेघा ओढायचा. संध्याकाळी केबिन बंद करण्याआधी तीन फेरे सैल करायचे, मग रेघा पुसायच्या. ही त्याने स्वतःच घालून घेतलेली शिस्त होती. रेघा दिसताहेत तोवर घरी जायचं नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी पाहुणे येणार होते, मुलीला बघायला. तो घाईत निघाला. रेघा तशाच राहिल्या.

पहाटे कडाक्याची थंडी पडली. तार आखडली आणि माझा हात ओढला गेला. पूर्ण नाही, अर्धवट. अर्धवट झुकलेला हात म्हणजे थांबा, हा नियम इंजिन ड्रायव्हरला पाठ होता. पण त्याला उशीर झाला होता, तो थांबला नाही. सहाला केबिन उघडल्यावर आधी खिडकीतून माझ्याकडे पाहायचं, हा नियम खटकेवाल्यालाही पाठ होता. त्याने आधी शेगडी पेटवली.

गाडी आदळल्याचा आवाज आला तेव्हा त्याने प्रथम भिंतीकडे पाहिलं. मग बाहीने रेघा पुसल्या. जिन्यावर स्टेशनमास्तरांची पावलं वाजली आणि स्क्रूला हात लावायला त्याला वेळ मिळाला नाही.

त्याची गरजही पडली नाही. चौकशीचे साहेब दुपारी बाराला आले. तोवर ऊन तापलं होतं, तार लांबली होती आणि मी ताठ आडवा उभा होतो. दुपारी स्क्रू आवळलेलाच असायचा, म्हणून तो बरोबर आहे, असं साहेबांनी लिहून घेतलं. ड्रायव्हर म्हणाला, मला हात खाली दिसला. किती खाली, हे त्याला कोणी विचारलं नाही. मग खटकेवाल्याची पाळी आली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, म्हातारा झालाय तो," तो म्हणाला. "आपणहून मान टाकतो."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. एकानेही पहाटे सहाला येऊन मला पाहिलं नाही.

आठवड्याभरात मला खाली उतरवलं. आता मी नव्या इमारतीत, संगणकांच्या खोलीत, भिंतीवर टांगलेला आहे. खाली पाटी नाही. गँगमन कधीमधी कुबडी टेकत कागदपत्रांसाठी येतो. माझ्यासमोरून जाताना तोंड फिरवतो. त्याला वाटतं, त्याचा पाय मी घेतला. मित्रांनो, यंत्राला जपा, एवढंच मागून मी थांबलो असतो. पण तेल तर मला भरपूर मिळालं होतं. माझी बाजू मात्र कोणी सांभाळली नाही.

गेल्या गुरुवारी खटकेवाला आला. केस पांढरे झालेत. बरोबर नात होती. इथल्या इंजिनिअर ताईंनी तिला सांगितलं, की अशा हाताच्या सिग्नलला सेमाफोर म्हणतात आणि संगणकातही सेमाफोर असतो, नाव या हातावरूनच घेतलंय. दोन कामांना एकच जागा हवी असली, की तो एकाला सोडतो आणि दुसऱ्याला थांबवतो.

नातीने विचारलं, "तो पण आपणहून मान टाकतो? आजोबा म्हणतात, हा टाकायचा."

"नाही गं," ताई म्हणाल्या. "सांगू तेवढंच करतो तो. चूक झाली तर सांगणाऱ्याची."

खटकेवाल्याने माझ्या सांध्याकडे पाहिलं. मग त्याने हळूच विचारलं, जुनी चौकशी पुन्हा उघडता येते का. ताई म्हणाल्या, अर्ज करावा लागतो. त्यांनी एक छापील कागद दिला. त्याने चार घड्या घालून तो खिशात ठेवला आणि नातीचा हात धरून निघून गेला.

काल गँगमन येऊन गेला, तोंड फिरवूनच. आज सकाळी सहा वाजून बारा मिनिटांपर्यंत तो अर्ज इथे पोहोचलेला नाही.