बोईच्या कानावर जाऊ नये म्हणून

होपा पाद्रीबाबाला आमच्या बेटावरच्या वायपुना गावात कुणी वाईट म्हणायचं नाही. कसं म्हणणार? अर्ध्या गावाला त्यानंच तर अक्षरं शिकवली. पण त्याच्या गळ्यातल्या दोरीला बांधलेली शाईची दौत लांबून दिसली ना, की माणसं वाट बदलायची! बारा वर्षं हा परका माणूस कोशासाठी आपला आमचे शब्द गोळा करतोय. तुम्ही शिंकलात की हा विचारणार, "याला काय म्हणता?" झाडावरून पडलात तर आधी फांदीचं नाव विचारणार, मग हात देणार.

आणि एक दिवस त्याची वही माशांच्या नावांपाशी आली.

झालं! गावातल्या कानेहोआचं नशीबच फुटलं. त्याला त्याच दिवशी पहाटे पहिली मुलगी झालेली. पहिलं मूल म्हटल्यावर दुसरा दिवस उजाडायच्या आत जेवण घालायचं, आणि त्यात बोई मासा पाहिजेच पाहिजे. आईनं तो पोरीच्या नावानं खाल्ला की पोरीच्या वाटेतली इडापिडा टळते. कानेहोआनं जाळं खांद्यावर टाकलं आणि निघाला. आता मासे धरायला निघालेल्या माणसाला कुठं चाललास म्हणून विचारायचं नसतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. माशांना कान असतात. कुणी विचारलंच, किंवा पाण्यापाशी माशाचं नाव घेतलंच, तर मुकाट घरी फिरायचं.

वळणावर पाद्रीबाबा उभा!

"काय कानेहोआ, मासे धरायला का? कुठले रे?"

कानेहोआ फिरला. जरा वेळानं केवड्याच्या झाडीतून वाकत वाकत निघाला, तर पलीकडं हा वही उघडून तयार. "अरे, मघाशी न बोलताच गेलास?"

परत घरी. दारात सासू, म्हणजे कालोला, अळकुड्या कुटत बसलेली.

"काय जावईबापू, बोई काय घरात पोहतायत?"

"तो पाद्री विचारतोय, सासूबाई! दोनदा!"

"आणि तुम्ही खेकड्यासारखे मागं मागं?"

"मग काय करू? तुमच्या लेकीला काय नुसतं शेवाळ खायला घालू?"

कालोलानं बत्ता खाली ठेवला. "मी त्याला बसवते. तुम्ही मागनं सुटा."

तिनं पाद्रीबाबाला झाडाखाली बसवलं. म्हणाली, "बाबा, अळूच्या जातींची नावं घे लिहून." तो असा खूश! तीस झाली, पन्नास झाली. दुपार कलता कलता नावं संपली, तर हिनं सासरच्या न आवडणाऱ्या माणसांची नावं घुसडली. तीही त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिली.

मग एकदम लेखणी थांबवून म्हणतो, "कानेहोआ माझ्यावर रागावलाय का हो?"

इतका केविलवाणा चेहरा की कालोलाला दयाच आली. सांगून टाकलं तिनं सगळं. ऐकता ऐकता पाद्रीबाबा पांढराफटक. "म्हणजे त्या लेकराचं जेवण माझ्यामुळं…" आणि उठून पळालाच की, काळा कोट फडफडवत, थेट किनाऱ्याकडं! मागं धापा टाकत कालोला.

इकडं कानेहोआ कमरेएवढ्या पाण्यात. जाळं लावलेलं, श्वास धरलेला. बोईंचा थवा चमकत चमकत हळूच जाळ्याकडं वळतोय. एवढ्यात किनाऱ्यावरून प्रवचनाच्या आवाजात,

"कानेहोआऽ! माफ कर रे! तू बोई धरायला निघालास, हे मला ठाऊक नव्हतं!"

थवा थबकला. निदान कानेहोआला तरी तसं वाटलं. आता रीतीनं घरी फिरायला पाहिजे. आणि सूर्य तर डोंगराला टेकलेला!

कालोलानं कपाळावर हात मारला. "अरे मेल्या, नावच घेतलंस की!"

मागच्याच रविवारी खोटं बोलण्याच्या पापावर दोन तास बोललेला हा माणूस. त्यानं आभाळाकडं बघितलं. समुद्राकडं बघितलं. आणि दुप्पट आवाजात ओरडला,

"इथं कुणीही मासे धरत नाहीये! कानेहोआ… कानेहोआ अंघोळ करतोय! जाळ्यानं अंग घासतोय!"

कानेहोआला असं हसू फुटलं, असं फुटलं की तो पाण्यातच कोलमडला. हात आपटले, पाय आपटले, आणि त्या धबधब आवाजानं बिचकून अख्खा थवा सुसाट जाळ्यात! अकरा बोई. मोजून अकरा!

रात्री बाळंतिणीनं पहिला घास घेतला. मग सगळ्यांपुढं पानं आली. पाद्रीबाबानं पानातल्या माशाकडं बघून सवयीनं वही उघडली, आणि ओशाळून पटकन मिटली.

"विचार रे, विचार," कालोला म्हणाली. "आता त्याला काय ऐकू येतंय!"