एकशे वीस फूट

श्रीदेवीने संगणकाला घराच्या नकाशाचं क्षेत्रफळ तिसऱ्यांदा नव्याने काढायला लावलं आणि पडद्यावर पुन्हा तोच आकडा उमटला, एकोणीसशे वीस चौरस फूट. ये रे माझ्या मागल्या. बाहेरून मोजलं तर घर अठराशेच भरत होतं.

टेबलापलीकडे दोघे भाऊ बसले होते, मधली खुर्ची मोकळी ठेवून. थोरला अनिलकुमार, धाकटा गुरुशांत. वडील चनमल्लप्पा गेल्यापासून सहा वर्षं वाटणी अडली होती. आता कुठे जुनं पाडून नवं घर बांधायचं आणि निम्मं-निम्मं घ्यायचं ठरलं होतं. सह्या आजच व्हायच्या होत्या, पण बेरीज जुळली तर. नाही जुळली, तर हे दोघे इथून उठून परत एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, हे श्रीदेवीला दिसत होतं. त्यांची आई गुरम्मा, दोघांची अव्वा, दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

दोघांचे भाग वेगवेगळे मोजले, तर प्रत्येकी नऊशे साठ. वाटणी अगदी सारखी, बेरीज तेवढी लबाड.

"मॅडम, जास्तीचे एकशे वीस फूट कुणाला गेले, तेवढं सांगा की," अनिलकुमार म्हणाला.

गुरुशांत खिडकीबाहेर बघू लागला. सुतावरून स्वर्ग गाठायला दोघांनाही वेळ लागत नसे.

श्रीदेवीने फूट-मीटरचा घोळ तपासला. भिंतींची जाडी पाहिली. जिना दोनदा धरला गेलाय का, तेही पाहिलं. धरला नव्हता. तिला आता स्वतःचीच लाज वाटायला लागली. शेवटी वैतागून तिने थोरल्याचा भाग पडद्यावरून लपवला. मागच्या बाजूला, मधोमध, दहा बाय बाराचा एक ठोकळा तरीही शिल्लक राहिला. मग थोरल्याचा परत आणून धाकट्याचा लपवला, तरी तो जागच्या जागीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. थोरल्याचा भाग तिने स्वतः काढला होता, धाकट्याचा शेजारच्या टेबलावरच्या सलमानने, त्याचं फोनवर ऐकून. मग दोन्ही एकत्र आणले. संगणकाला काय, एकाच जागी दोन खोल्या ठेवल्या तरी तो मुकाट्याने दोन्ही मोजतो. तिच्या ठोकळ्यावर नाव होतं 'अव्वाची खोली', सलमानच्या ठोकळ्यावर 'देवखोली'. म्हणूनच कुणाला शंका आली नव्हती.

ह्यातली खरी कुठली, असं तिने विचारलं.

"दोन्ही एकच हाय," गुरुशांत हळू आवाजात म्हणाला. "अव्वा देवखोलीतच झोपती. पहिल्यापासनं."

अनिलकुमारने मान वळवून भावाकडे पाहिलं. "तू मागितलीस?"

"तुमी बी मागितलीच की, अण्णा."

श्रीदेवीला एकदम बरं वाटलं. जागा कुणी लाटली नव्हती. दोघांनी एकमेकांना न सांगता आई आपल्याकडे मागून घेतली होती, एवढंच. पण बरं वाटणं फार टिकलं नाही. थोरला म्हणाला, असू दे धाकट्याकडे. धाकटा म्हणाला, छे, मान थोरल्याचा. पाच मिनिटांत दोघे उलट्या बाजूने हट्टाला पेटले आणि आकडा होता तिथेच राहिला.

गुरम्मा बाकावरून उठली. पिशवी काखेत धरून मधल्या मोकळ्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिने पडद्याजवळ बोट नेलं.

"ही का माझी?"

"हो, अव्वा," श्रीदेवी म्हणाली.

"किती भरती?"

"एकशे वीस फूट."

गुरम्माने तो आकडा मनाशी एकदा म्हणून पाहिला. मग दोन्ही मुलांकडे न बघता बोलली.

"ह्याच्यात बी नको, त्याच्यात बी नको. येगळी काढ. दार दोन्हीकडं ठेव. कडी आतनं."

श्रीदेवीने दोन्ही ठोकळे काढून टाकले आणि त्या जागी एकच ठेवला, तिसऱ्या रंगाचा. आठशे चाळीस, आठशे चाळीस, एकशे वीस. बेरीज अठराशे. अनिलकुमारने खिशातून पेन काढलं.

नवीन ठोकळ्याला नाव हवं होतं. श्रीदेवीने 'अव्वा' लिहिलं.

"ते पूस," गुरम्मा म्हणाली. "अव्वा ह्या दोघांची. हितं गुरम्मा लिही."