तिसरी हाक

"डावा हात घ्या सिस्टर, उजव्या हाताची शीर सापडत नाही माझी," असं म्हणत बाईने बाही वर सरकवली, आणि सिस्टरच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. उजव्या हाताची शीर सापडत नसे ती या बाईच्या धाकट्या बहिणीची. धाकटीला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

ज्यांच्याकडे ना विमा ना ऐपत, अशा लोकांच्या या दवाखान्यात सिस्टरची तेवीस वर्षं गेली. नाकासमोर चालणारी बाई. आयुष्यात लबाडी म्हणून केली ती एकच. धाकटी गेल्यावर महिन्याभराने थोरली तिचंच कार्ड मुठीत धरून बाकावर येऊन बसली. दोघींनाही साखरेचा आजार, दोघींचा चेहरा एकाच साच्यातला. धाकटीकडे ओळखीचे कागद होते, थोरलीकडे स्वतःचा असा एक चिटोराही नव्हता. सिस्टरने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. इन्सुलिन काय फायलीवरचं नाव वाचून काम करतं?

सुरुवातीला थोरली जन्मतारीख सांगताना अडखळायची आणि सिस्टर हळूच पुढचा आकडा पुटपुटायची. अलीकडे ती घडाघडा सांगू लागली होती. "माझी मोठी बहीण गेली ना, तेव्हापासून झोपच लागत नाही बघा," असंही मागे एकदा म्हणाली. बाई सोंग छान वठवते, असं सिस्टरला तेव्हा वाटलं होतं, आणि थोडं हसूही आलं होतं.

आज हसू आलं नाही. डाव्या हातातून रक्त काढून झालं. मग वजन केलं, त्रेचाळीस. बीपी एकशे साठ, शंभर. चप्पल काढायला लावली तर डाव्या अंगठ्याला जखम. सिस्टरने फाईल मागे उलटत नेली. धाकटीच्या वेळचं एक पान सिस्टरच्याच अक्षरात होतं: त्रेचाळीस, एकशे साठ-शंभर, डाव्या अंगठ्याला जखम.

सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर चाळीसेक माणसं खोकत होती, तरी तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. एका रक्ताची माणसं, आजारही एकाच वाटेने जायचा, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. पण त्या पानानंतर धाकटीची दोनच पानं होती. ही बाई बहिणीच्या फायलीत राहिली तर दोन पानांत संपेल, असं सिस्टरच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

तेवढ्यात फायलवाला पडद्याआडून डोकावला आणि ती फाईल डॉक्टरांकडच्या गठ्ठ्यासाठी उचलून घेऊन गेला. सिस्टरने कपाटातून कोरी फाईल काढली.

"आता कागद नसले तरी चालतं. नवीन फाईल करू तुमची. नाव सांगा."

बाईने धाकटीचं नाव सांगितलं.

"ते नको हो. तुमचं सांगा."

"तेच माझं."

"थोरलीचं नाव सांगा मग."

"ती गेली ना, सिस्टर!" बाईच्या डोळ्यांत खरोखरीचं आश्चर्य होतं. "असं काय करता? तुम्ही घरी आला होतात तेव्हा. माझा हात धरून बसला होतात की."

बसली होती, हे खरंच होतं. सिस्टर थोरलीचं नाव आठवू लागली. दोन वर्षांत तिने ते कधी विचारलंच नव्हतं. धाकटीचं नाव या बाईच्या तोंडी बसवलं होतं मात्र सिस्टरनेच.

बाहेर फायलवाल्याने धाकटीच्या नावाचा पुकारा केला. त्याचा आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसालाही आपली पाळी आली वाटावं.

"ओ!" म्हणत बाई उठली.

सिस्टरने तिचं मनगट घट्ट धरलं. "तुम्हाला नाही बोलावलं."

"माझंच नाव आहे ते. सोडा, डॉक्टर जातील."

"बसा. मी नेते तुम्हाला."

दुसरी हाक आली. बाईची नजर पडद्यावर खिळली होती. पलीकडून आता कोण 'ओ' देतंय याची ती वाट बघत होती. खरं सांगायचं तर सिस्टरही बघत होती.

तिसरी हाक. बाकांवरचं खोकणंसुद्धा क्षणभर थांबलं. कुणी 'ओ' दिली नाही.

"गैरहजर!" फायलवाला ओरडला आणि फाईल टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग त्याने पुढचं नाव घेतलं.

बाई हळूहळू खाली बसली. आधी तिचे खांदे हलले, मग तोंडाला पदर लावून ती हमसून हमसून रडू लागली. दोन वर्षांत सिस्टरने तिला रडताना पाहिलं नव्हतं, बहीण गेली त्या दिवशीही नाही. सिस्टरने पेनाचं टोपण काढलं, कोरी फाईल मांडीवर घेतली, आणि ती नावाची वाट बघत बसली.